अमावास्येचं उधाण

हसनाबाद

मी हसनाबादच्या शाळेत भूगोल शिकवते. भोकरदन तालुक्यातलं हे मोठं गाव. जिकडे बघाल तिकडे काळी जमीन, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा. अशा ठिकाणी मी दरवर्षी पोरींना भरती-ओहोटीचा धडा शिकवायची. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत काढायचे, पृथ्वीच्या दोन्ही अंगांना पाण्याचे फुगवटे दाखवायचे आणि सांगायचं, पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला सगळ्यांत मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. मी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता.

नव्वदीची सुरुवात होती. माझी धाकटी नणंद प्रयागा त्या वर्षी माहेरी येऊन राहिली होती. राहिली होती म्हणण्यापेक्षा, धावड्याहून तिच्या सासऱ्याने तिला पोचवून दिलं होतं. तिचा जन्म अमावास्येचा. लग्नाच्या वेळी हे कुणी लपवलं नव्हतं आणि कुणी मनावरही घेतलं नव्हतं. पुढे त्यांचा एक बैल मेला. मग दिराचा पाय मोडला. शेवटी विहीर आटली, तेव्हा सासऱ्याला सगळं एकदम आठवलं. एका अमावास्येला प्रयागाला विहिरीत वाकून बघताना त्याने म्हणे पाहिलं होतं.

वैशाखात त्यांचा निरोप आला. पोरीला न्यायला तयार आहोत, पण आधी तिची शांती करा. आणि इथून पुढे दर अमावास्येला तिने विहिरीला, माठाला, कशालाच हात लावायचा नाही. दिवसभर गोठ्यात बसून राहायचं. ही अमावास्या झाली की बोलायला येतो.

आमच्या घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दुपारी मी आणि प्रयागा टँकरच्या रांगेत हंडे लावून कडुनिंबाखाली बसलो होतो, तेव्हा तिने विचारलं,

"वैनी, तुम्ही पोरींना शिकवता ते खरंय का? अमावास्येला समुद्राचं पाणी वाढतंय म्हनून?"

"खरंय."

"तुम्ही पाह्यलं का?"

"नाही. पुस्तकात आहे."

"पुस्तकात तर मंग पंचांगबी आहे," ती म्हणाली. "त्याच्यात मी अशुभ आहे."

मला त्या वाक्याचा राग आला. तिचा नाही, वाक्याचा. मी म्हणाले, "आपण जाऊन बघू. याच अमावास्येला."

रात्री जेवताना मी घरात सांगितलं. सासूबाईंच्या हातातली भाकरी ताटात पडली. "अमावास्येला घराबाहेर पाय? दोघी बाया? अन् ते बी पान्याजवळ?"

"अमावास्येलाच जायचं आहे, आत्याबाई. दुसऱ्या दिवशी जाऊन उपयोग नाही."

"लोक काय म्हनतील?"

"म्हणतातच आहेत. घरात बसून काय थांबलेत?"

माझे यजमान मान खाली घालून जेवत होते. ते भांडणात पडत नाहीत, कुणाच्याच. हात धुताना एवढंच म्हणाले, "जालन्याहून पुण्याची गाडी सकाळची धरा. उशीर करू नका." सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी त्याला परवानगी समजले नाही, कारण मी मागितली नव्हती. पण बरं वाटलं.

जुना जालना

गाडीला वेळ होता म्हणून आम्ही जुन्या जालन्यात गेलो. प्रयागाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. धान्याच्या आणि कापडाच्या दुकानांच्या मधल्या बोळात एका म्हाताऱ्या चाचांचं चपलांचं दुकान आहे, तिथे तिने प्लास्टिकचे सँडल बघितले. पाण्यात चालतील का, असं तिने विचारलं, तर चाचा म्हणाले, "पानी किधर है बेटा जालन्यात?"

"समुद्रावर चाललोत चाचा."

"परसो तो अमावस है!"

"म्हनूनच चाललोत," प्रयागा म्हणाली. हे वाक्य तिने पहिल्यांदा तिथे म्हटलं. पुढच्या प्रवासात तिने ते बऱ्याच जणांना ऐकवलं आणि दर वेळी तिचा आवाज थोडा मोठा होत गेला.

पुण्यापर्यंतच्या एस.टी.बद्दल सांगण्यासारखं काही नाही. ऊन, धूळ आणि झोप. पुण्यात मुक्काम करून सकाळी अलिबागची गाडी धरली. घाट उतरायला लागलो तशी हवा बदलली. आमच्याकडचं ऊन कोरडं, अंगाला चटका देऊन मोकळं होणारं. इथे खिडकीतून ओला गरम वारा यायला लागला. कपाळावरचा घाम पुसावा तर तो पुन्हा हजर. धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघालो होतो, त्यातली धपाटी पेणपर्यंत मऊ पडून दमट झाली. पेणच्या पुढे मिठागरं लागली. प्रयागाने विचारलं, "ह्या वाफ्यात काय पेरलंय?" मी मीठ म्हटल्यावर तिला वाटलं मी चेष्टा करते. शेजारच्या बाईने खात्री दिली तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडं जमिनीवर मीठ फुटलं तर मानूस डोक्याला हात लावून बसतं. इथं त्याचंच पीक काढून राह्यले."

अलिबाग

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ओळखीतून एका बाईंकडे राहायची सोय झाली होती. शेवंताबाई त्यांचं नाव; मच्छी विकायच्या, घराच्या मागच्या खोलीत पाहुणे ठेवायच्या. पिशव्या तिथे टाकल्या आणि पाणीसुद्धा न पिता आम्ही समुद्राकडे पळालो.

समुद्र नव्हता.

समोर लांबच लांब काळपट ओली वाळू आणि चिखल. होड्या कुशीवर कलंडलेल्या. पार पलीकडे एक चमकणारी रेघ, तेवढंच पाणी. एवढ्या लांब हिला घेऊन आले ते हे दाखवायला? प्रयागा थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग एकदम हसायला लागली.

"वैनी, इथलाबी आटला!"

किती महिन्यांनी ती अशी हसली होती. हसत हसत खाली बसली. "आता हेबी माझ्याच नावावर टाकतील."

घरी परतल्यावर शेवंताबाईंना सांगितलं, तर त्या चुलीसमोरून न उठताच म्हणाल्या, "सुकती हाय ती. ओहोटी गो. उद्या आवस, म्हनून पानी लय लांब जातंय. जेवढं लांब जाईल तेवढंच वर चढंल. उद्या सकाली पानी उतरलं का चालत किल्ल्यात जा. पन परतीला रेंगाळू नका. भरती लागली का ती कोनासाठी थांबत नाय."

प्रयागाने विचारलं, "अमावास्येला तुम्ही समुद्रावर जाता?"

"आवसेला आनि पुनवेलाच तर उधान. मधल्या दिवसांत भांग आसतो, पानी धड चढत नाय, धड उतरत नाय. आवस नको म्हनून आमचं कसं चालंल?"

जेवायला तांदळाची भाकरी, भात, बांगड्याचं कालवण आणि आमसुलाचं गुलाबी सार होतं. आमच्या घरी मटण चालतं, पण मासा म्हणजे आठवडी बाजारातला तळ्यातला, तोही क्वचित. अमावास्येच्या आदल्या दिवशी तर नाहीच. प्रयागाने ताट पुढे ओढलं आणि काट्यांशी झगडत सगळं संपवलं. मला दुसऱ्याच घासाला काटा लागला आणि नुसता भात गिळावा लागला. तांदळाची भाकरी मात्र ज्वारीसमोर मला फिकी वाटली. शेवंताबाईंना तसं सांगितलं नाही.

किल्ला

सकाळी पाणी उतरलं होतं. किनाऱ्यापासून कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं रांगेने चालली होती, काही घोडागाडीतून. जिथे रात्री समुद्र असणार तिथून आपण चालतोय, हे मनाला पटत नव्हतं. पायाखाली शेवाळलेले दगड, शिंपले, चिमुकले खेकडे. एका ठिकाणी चिखलाने प्रयागाचा नवा सँडल ओढून घेतला. कोपरापर्यंत हात घालून शोधला, मिळाला नाही. मग तिने दुसराही काढून फेकला आणि अनवाणी चालायला लागली.

किल्ल्यात देऊळ आहे, पडक्या भिंती आहेत, आणि मला अजून नवल वाटतं ती गोष्ट म्हणजे गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये पिण्याजोगं पाणी. विहिरीशी दोर बांधलेली बादली होती. पुणे भागातलं एक मोठं कुटुंब देवदर्शनाला आलं होतं. त्यांच्यातल्या बायका पाणी काढायला गेल्या, पण कुणाला बादली बुडवता येईना. नळाचं पाणी वापरणारी माणसं ती.

प्रयागा विहिरीपासून हातभर अंतरावर थांबली. तिने पदर खोचला, बादली आत सोडली, मनगटाला एक झटका दिला. बादली भरून वर आली. ओंजळीने ती प्यायली. मग त्या बायकांच्या बाटल्या भरल्या, त्यांच्या म्हाताऱ्या आजोबांच्या हातावर पाणी घातलं, कुणाकुणाच्या पोरांची तोंडं धुतली. सगळे तिला ताई ताई करत होते. उन्हाने आणि आनंदाने तिचा चेहरा लाल झाला होता. तिला तिथून हलवायचं माझ्या जिवावर आलं, आणि त्यातच आमचा उशीर झाला.

दरवाजाशी आलो तर वाट गेलेली. मघाशी जिथून चाललो तिथे दोन्हीकडून पाणी एकमेकांना भेटत होतं. लाटा उसळत नव्हत्या, आवाजही फार नव्हता, पाणी नुसतं पुढे येत होतं, आणि वळून बघावं तर आणखी पुढे. ते पुण्याचं कुटुंबही अडकलं. त्यांच्यातला एक जण गुडघाभर पाण्यात उतरला आणि पुढे कमरेपर्यंत लागल्यावर घाबरून मागे आला. वारा चढला होता, होडी यायची शक्यता नव्हती. तिथल्या पुजाऱ्याने सांगितलं, आता संध्याकाळी पाणी उतरेपर्यंत बसा, घाबरायचं कारण नाही.

तटाच्या सावलीत सगळे बसलो. पोरं रडायला लागली. आजोबांचा पारा चढला. "मी म्हणत होतो, आज अमावास्या आहे, निघू नका. कुणी ऐकलं नाही. आता भोगा."

प्रयागा उठून त्यांच्यासमोर गेली. मला वाटलं हिला थांबवावं. मग वाटलं, का थांबवावं?

"आजोबा, अमावास्येनं न्हाई झालं हे. आपन उशीर केला म्हनून झालं. मी पानी काढत बसले अन् तुम्ही पेत बसलात."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला बराबर कळतं. माझा जलमच अमावास्येचा आहे. सकाळपासून तुम्ही माझ्या हातचं पानी पेलात. कुनाचं काही वाईट झालं का?"

आजोबांनी तोंड फिरवलं आणि काठी टेकत जाऊन लांबच्या बुरुजापाशी एकटे बसले. ते काही बदलले नाहीत. संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोललेही नाहीत. पण त्यांची सून प्रयागाजवळ सरकून बसली आणि तिने डब्यातली पोळी तिच्या हातावर ठेवली. मग तिनेच मला विचारलं, "ताई म्हणाल्या, तुम्ही शाळेत शिकवता. आज तर चंद्र दिसतच नाही. मग एवढं पाणी ओढतंय कोण?"

मग आमच्या हसनाबादचा तो धडा मी पहिल्यांदा समुद्रासमोर बसून शिकवला.

अमावास्येला चंद्र कुठे जात नाही, मी सांगितलं. तो आत्ता दिवसाच आकाशात आहे, सूर्याच्या शेजारी. उजेड पडलेली त्याची बाजू पलीकडे आहे, म्हणून आपल्याला दिसत नाही. तो पाण्याला ओढतो, आणि आज सूर्यही त्याच रेषेत उभा राहून ओढतो, म्हणून हे उधाण. चंद्राच्या बाजूचं पाणी त्याला जवळ, म्हणून ते जास्त ओढलं जातं आणि फुगतं. पृथ्वीच्या पाठीकडचं पाणी लांब, त्याला ओढ कमी. पृथ्वी त्याच्याहून जास्त ओढली जाते आणि ते पाणी मागे राहतं, म्हणून तिकडेही फुगवटा. पृथ्वी फिरता फिरता आपला किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो, त्यामुळे भरती दिवसातून दोनदा. पाण्याला जमिनीला वळसे घालत यावं लागतं, म्हणून गावोगावच्या वेळा मागेपुढे होतात.

प्रयागा लक्ष देऊन ऐकत होती. "मंग विहिरीचं पानी का न्हाई फुगत? अमावास्येनं विहीर आटते का?"

"नाही. विहिरीच्या या काठाला जेवढी ओढ, तेवढीच त्या काठाला. फरकच नाही तर पाणी हलणार कसं? समुद्र अर्ध्या पृथ्वीवर पसरलेला आहे, त्याला इकडच्या आणि तिकडच्या ओढीतला फरक कळतो. विहीर फार लहान असते."

"म्हंजी त्यांची विहीर चंद्रानंबी न्हाई आटली."

"त्यांच्या शेजाऱ्याने दोन बोअर पाडलेत ना?"

"हो! दोन्ही आमच्या बांधाला लागून," ती म्हणाली, आणि तटावर चढली.

मीही चढले. माथ्यावर ऊन होतं आणि पाणी तटाच्या पायाला लागलं होतं. सकाळची वाट, दगड, तिचा सँडल गिळणारा चिखल, सगळं खाली गेलं होतं. किनाऱ्यावर कलंडलेल्या होड्या उभ्या राहून डोलत होत्या. मी फळ्यावर कितीतरी वर्षं खडूने जो फुगवटा काढत होते तो हा. एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि खाऱ्या वाऱ्याने आणखीच झोंबायला लागले.

प्रयागा दोन्ही हातांनी पदर धरून उभी होती. "माझ्या दिवशी आलंय हे," ती म्हणाली. मग मोठ्याने, समुद्राला ऐकू जाईल अशी, "माझ्या दिवशी!"

संध्याकाळी पाणी उतरल्यावर आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून परत आलो. शेवंताबाई किनाऱ्यावर वाट बघत उभ्या होत्या. आधी त्या भरपूर रागावल्या. मग म्हणाल्या, "उद्या परवा याच्याहून जास्त चढंल. आवस सरली तरी पानी लगेच नाय सरत. ऱ्हाता का?"

राहायला हवं होतं. पण धावड्याची माणसं बोलायला येणार होती.

परत हसनाबाद

ती आली. सासरा, दीर आणि प्रयागाचा नवरा कैलास. बैठकीत चहा झाला. सासऱ्याने शांतीचं काढलं, कोणत्या भटजींना सांगायचं तेही ठरवून आला होता. आमच्याकडचे माना डोलवत होते. तेवढ्यात प्रयागा आतून बाहेर आली आणि उभी राहिली. तिच्या नाकाचं कातडं उन्हाने सोललं होतं.

"मामंजी, शांती करायची न्हाई. मी अमावास्येला विहिरीवर जाईन, पानी भरीन, गोठ्यात बिलकुल बसनार न्हाई. अशी न्यायची आसंल तर आत्ता येते."

"अन् विहीर परत आटली तं?"

"बोअरवाल्याला इचारा."

दीर हसला, आणि बापाने बघितल्यावर गप्प झाला. सासरा उठला. "मंग ऱ्हा इथंच."

"ऱ्हाते," ती म्हणाली.

कैलास सगळ्यांत शेवटी उठला. तिच्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. पण तसाच बापाच्या मागे गेला. तो पुढेही कधी आला नाही. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. यजमान मात्र दुसऱ्या दिवशी भोकरदनला जाऊन प्रयागासाठी शिवणयंत्राची चौकशी करून आले. कुणी सांगितलं नव्हतं.

पाऊस लांबला. पुढच्या अमावास्येला टँकर आला नाही, म्हणून सगळी आळी जुन्या बारवेवर पाण्याला लोटली. प्रयागा रांगेत उभी राहिली. तिच्यामागे आमच्या समोरच्या घरातली गंगूबाई होती. प्रयागा पुढे आहे हे बघून तिने आपला हंडा तिथेच ठेवला आणि मोकळ्या हाताने घरी निघून गेली. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

प्रयागाने आधी स्वतःचा हंडा भरला. मग गंगूबाईचा भरला, डोक्यावर घेतला, भर रस्त्याने चालत गेली आणि तिच्या उंबऱ्याशी ठेवून आली. गंगूबाईने दार उघडलं नाही.

दुपारी उन्हं कलल्यावर मी ओट्यावर बसले होते, तेव्हा ते दार उघडलं. गंगूबाईच्या हातात तोच हंडा होता. तिने तो आमच्या ओट्यावर आणून ठेवला आणि आमच्याकडे न बघता परत फिरली. प्रयागाने आतून येऊन हंडा उचलला. एका हाताने सहज उचलला गेला. तिने मला आत बघायला वाकवला.

थेंब नव्हता. गंगूबाईच्या घरात ते सगळं पाणी वापरून झालं होतं, आणि तिला आणखी हवं होतं.

प्रयागा हंडा घेऊन बारवेकडे निघाली.